साठ गेले, चाळीस हवे

बुढीनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भांडण, आणि तेही युरोपावरून. दुपारचं जेवण करून अंगणात बसलो होतो. तिकडे नोकरी करणारी आमची लेक पुढच्या महिन्यात बाळंत होणार होती. तिच्यापाशी चाळीस दिवस राहायचं, हे बुढीनं ठरवूनच टाकलं होतं. पण हिवाळ्यात आम्ही लेकीचं घर पाहायला साठ दिवस राहून आलो होतो. तिथला कायदा असा, की कोणत्याही एकशे ऐंशी दिवसांत पाव्हणा नव्वदच दिवस. उतरायचा दिवस धरायचा, निघायचाही धरायचा. म्हणजे उरले तीस.

मी म्हणालो, "त्यात काय? तीस झाले का बाजूच्या देशात एक चक्कर मारू. परत आलो का मोजणी नवी."

मी चौथी शिकलेला, पण सीमेचं ज्ञान पक्कं. आमच्या गडचिरोलीत दारूबंदी. वैनगंगेच्या पुलाअलीकडे बाटली सापडली तर ठाणं, पलीकडे चंद्रपूरच्या हद्दीत तीच बाटली सभ्य. पूल ओलांडला की कायदा बदलतो, हे मी किती वेळा तपासून पाहिलं ते विचारू नका.

"तुमचा सारा भूगोल त्या पुलापाशीच संपते," बुढी म्हणाली. "पोरगी सांगून सांगून थकली. ते पंचवीस-तीस देश मिळून एकच कुंपण हाय. आत कुठीबी फिरा, कोनी पुसत नाई. पन दिवस साऱ्यांचे मिळून मोजतेत."

"मंग दहा कमी पडले ना! कर आता गणित."

तिनं केलं. फोडलेले एकशे ऐंशी चिंचोके सुपात रांगेनं मांडले. तिकडचा दिवस पांढऱ्या बाजूनं, घरचा तपकिरी. मग नव्या मुक्कामाच्या दर दिवसाला पुढं एक पांढरा ठेवायचा, मागचा एक उचलायचा. पहिले बारा तपकिरी निघाले, पांढरे वाढतच गेले. मी हसलो. तेराव्यापासून मागूनही पांढरेच निघू लागले. हिवाळ्यातले दिवस जुने होऊन गळत होते. पांढऱ्यांची बेरीज बहात्तरवर अडकली, ती चाळीस दिवस झाले तरी हलेना.

"पाह्यलं? चाळीसबी बसतेत, आन् तुमची चक्करबी वाचली."

"तू मास्तरीण व्हायले पाह्यजे होतं."

"तुमाले शिकवाचं पाप कोन घेन?"

चहा मांडते म्हणून उठली, चुलीपाशी बसली आणि तिथंच कलंडली. दवाखान्याची गाडी आली तेव्हा गाडीचं काम उरलं नव्हतं.

लेक फोनवर रडली. तेवढं पोट घेऊन तिला विमानात कोणी बसू देईना. "बाबा, आता तुम्ही येऊ नका," म्हणाली. "एकट्यानं काय जमणार तुम्हाला? मी पाहीन माझं."

मला बुढीचा राग आला. इतके दिवस बसवून दिले आणि वापरायला मला एकट्याला सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर निजवलेली होती. बल्लारपूरचे पाव्हणे यायचे म्हणून आम्ही थांबलो होतो. बाया भोवती रडत होत्या. मी त्यांच्यात जाऊन बसलो, पाय लांब केले आणि शेजारच्या म्हातारीला विचारलं, "बाई, लेकराले पायावर घेऊन न्हाऊ कसं घालतेत? मान कोन्या बाजूनं ठेवाची?"

रडणं बंद. एकजण कुजबुजली, "बुढा येडा झाला." पण म्हातारी उठली, घरातून उशी आणली आणि माझ्या नडग्यांवर आडवी टाकली.

"आडवी नोको, उभी," दुसरी म्हणाली.

"पाय जुळवा, भाऊ. मंधात फट दिसून राह्यली."

मी पाय जुळवले आणि उशीच्या मानेखाली हात घातला.