सरळ केलेली बटणं

यांच्या अ‍ॅम्प्लिफायरची गोल बटणं मी रोज पुसून, खुणा एका रेषेत आणून ठेवायची. नेटकेपणाचा केवढा तोरा होता माझ्यातल्या त्या बावळट बाईला! उधन्याच्या कापड कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटात यांचे कान निम्मे गेलेले. गाण्यातले शब्द कळावेत म्हणून मेकॅनिकनं ट्रेबलचं बटण पूर्ण वर आणि बेसचं खाली करून दिलं होतं, ते मला ठाऊकच नव्हतं.

हळूहळू यांनी कॅसेट लावणंच सोडलं. "शब्द कळत नाहीत. कान आता पुरते जाणार," एवढंच म्हणाले.

महिन्याभरानं मेकॅनिक सहज आला, बटणं बघून हसला, आणि माझी करामत उघडी पडली. मी रडतच कबूल केलं. आता हे नाहीत, पण तेव्हाचं यांचं बोलणं जसंच्या तसं कानात आहे: "येडे, मी तर महिनाभर तुझा आवाज पाठ करून ठेवत होतो."