नरसक्काचा सोमवार

रविवारी मिल बंद असायची. चाळीतल्या बाकीच्या बायका केस धुऊन उन्हात बसायच्या आणि नरसक्का कापसाचा बोळा घेऊन उंबऱ्यात बसायची. बोळा पिंजायची, नाकाशी धरायची आणि जोरात वास ओढायची. कुणी हसलं की म्हणायची, "हसा की! छातीला सवय ठेवावी लागतीय. एक दिवस इसरली की सोमवारी सूड घेती."

आम्ही दोघी वाइंडिंग खात्यात शेजारी शेजारी उभ्या असायचो. सूत एका बॉबिनवरून दुसऱ्यावर भरताना तंतू उडायचे. पापण्यांवर, ओठांच्या कडेला पांढरं बसायचं. नरसक्का घरात तेलुगू बोलायची, आमच्याशी मराठी, आणि खात्यावर देखरेख करणाऱ्या जॉबरशी भांडताना दोन्ही. पाय एका जागी ठरायचा नाही. पाळी सुटली की गुळाचा खडा स्वतःच्या तोंडात, एक माझ्या. "खा गं सुंदरे. घशातला कापूस गूळ सोडवतो." मग खाकरून थुंकायची. थुंकीत पांढरं दिसलं की खूश. "निघाला बघ सगळा!"

सगळा निघत नव्हता. दर सोमवारी दुपारपर्यंत तिची छाती दोरीनं बांधल्यासारखी आवळायची. मंगळवारी जरा सैल, शनिवारी बरी. म्हणून तिनं दोष दिला सुट्टीला. खात्यातल्या कितीतरी जणी तेच म्हणायच्या, सुट्टी बाधते.

शेवटी मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "मावशी, जाड तंतू नाकाघशात अडकतो, तो थुंकीतून निघतो. डोळ्यांना दिसत नाही ती धूळ खाली छातीत उतरते. तिला गूळ काय करणार? महिनाभर मिलपासून लांब राहा."

ती कुरकुरत अकलूजला लेकीकडे गेली. महिन्यानं आली ती गाल भरून. चाळीचा जिना न थांबता चढली. पण कामाच्या पहिल्याच दुपारी मशीन धरून खाली बसली. ओठ निळे पडले होते. मी पाणी आणलं. श्वास परत आल्यावर तिचं पहिलं बोलणं हे, "बघितलंस? महिन्याच्या सुट्टीनं घात केला."

मी कुणाला उलट बोलत नाही. त्या दिवशी मात्र विचारलं, "नरसक्का, तिकडं दम लागत होता का?"

"न्हाय."

"मग?"

"मग काय मग! तिकडं काम कुटं हुतं?"

त्यानंतर रविवारचा बोळा मोठा झाला. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे ती खोकायला लागली की माझी भाकरी तव्यावर करपायची. खोकला थांबला की जास्तच भीती वाटायची. उठून दारापर्यंत जायचे, पुन्हा खोकला ऐकू आला की परत यायचे.

एका सकाळी ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिली. कळताच लेक अकलूजहून तिला न्यायलाच आली. बोळा तिनं चुलीत टाकला तेव्हा नरसक्का ओरडली, "तुझ्या घरात बसून मरू व्हय?"

"हितं उभी राहून मरतीयस की!" लेक म्हणाली आणि तिचं गाठोडं उचलून चालू लागली.

पुढे मिलला सणाची जोडून सुट्टी आली, तेव्हा मी अकलूजला गेले. नरसक्का वाळली होती. बोलताना मध्येच थांबावं लागत होतं. तरी दारापासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून दारापर्यंत तिच्या येरझाऱ्या चालूच.

"हितं भोंगा न्हाय, काय न्हाय. वार कळत न्हाय बघ. आज काय गं?"

"सोमवार."

ती जागच्या जागी थांबली. छातीवर हात ठेवला आणि वाट बघत राहिली. हळूच श्वास ओढला, सोडला, पुन्हा ओढला. आत लेक भांडी घासत होती, तिला ती गप्प बस म्हणाली.

"सुंदरे, दुपार झाली की गं. मग आवळत कसं न्हाय?"

ती माझ्याजवळ सरकली.

"तुजं कसं हाय? सोमवारी?"

"थोडं आवळतं."

"आनि उद्या तू खात्यावर चाललीस?"

चारची गाडी धरायची होती. मी पिशवी उचलली. तिनं माझं मनगट पकडलं. मी सोडवून घ्यायला लागले, तशी ती आणखी घट्ट धरायला लागली.