दोन्ही रिमोट कपाटातच होते

ताडपत्रीखाली उभी असलेली एखादी मोठी मोटारसायकल दिसली की तो गुन्हा मला अजून आठवतो. मी आता पोलीस खात्यात नाही. निवृत्त म्हणावं एवढं वय नाही. मी राजीनामा दिला. पण नवी मुंबईत उपनिरीक्षक असताना केलेल्या तपासांपैकी हा एक लिहून ठेवायचा होता. नावं कुणाचीच लिहीत नाही.

फिर्यादी सकाळच्या हजेरीच्या वेळी आले. मूळचे साताऱ्याकडचे, नेरुळच्या एका सोसायटीत राहणारे, नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. दोन पावलं मागे त्यांची पत्नी. त्यांचा एकुलता मुलगा आदल्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेला होता. त्याची मोटारसायकल पार्किंगमधून नाहीशी झाली होती. गाडी रिमोटवर चालणारी. रिमोट खिशात असला की गाडी ओळखते आणि चालू होते. नसताना कुणी हलवली तर सायरन वाजतो. सायरन कुणीच ऐकला नव्हता.

"दोन्ही रिमोट माझ्या कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली माझ्याकडं," ते म्हणाले. "शोरूमवाल्यांचंच काम हे. त्यांच्याकडं सगळ्या गाड्यांचे कोड असतात."

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. फिर्याद लिहिताना माझी वाक्यं सरळ यायची आणि आमच्या हवालदारांना ती पसंत नसायची. ते तिथल्याच जुन्या गावातले, नोकरीत माझ्यापेक्षा कितीतरी मुरलेले. "‘सदर’ लिवा, मॅडम," ते म्हणाले. "‘सदर’ नाय तर कोर्टाला चोरी झाल्यासारखी वाटतच नाय." मी ‘सदर’ लिहिलं. आरोपीच्या रकान्यात ‘अज्ञात इसम’ लिहिलं. गुन्हा दाखल झाला.

सोसायटीच्या कॅमेऱ्यात गाडी दिसली. भर दुपारी, हेल्मेट आणि जाड जॅकेट घातलेला कुणीतरी ती गेटपाशी आणतो, हात वर करतो, वॉचमन दांडा उचलतो. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "गाडीवर सोसायटीचा स्टिकर होता ना, मॅडम. स्टिकर बघायचा की तोंड बघायचं?" फिर्यादी पडद्याकडे बघून संतापत होते. त्यांच्या पत्नीनं एकदाच पाहिलं, मग त्या मान फिरवून पदराशी चाळा करत बसल्या. मी ते पाहिलं, पण त्या वेळी काही बोलले नाही. लोकांसमोर पटकन प्रश्न विचारणं मला कधी जमलं नाही. पोलिसात त्याचा तोटा होतो आणि कधीकधी फायदाही.

शोरूममधल्या मेकॅनिकनं गाडीचा प्रकार समजावून सांगितला. रिमोट हरवला किंवा त्याचा सेल संपला तर गाडी अडून राहू नये म्हणून तिच्यात चार आकडी गुप्त नंबर टाकता येतो. तो मालकानं स्वतः ठरवायचा. कंपनीकडून कोड मागवायचा तर मालकाची कागदपत्रं पाठवून रीतसर मागणी करावी लागते, आणि या गाडीसाठी तशी मागणी कधीच गेली नव्हती. म्हणजे ज्यानं गाडी नेली, त्याला मुलाचा नंबर माहीत होता.

"कुणालाच माहीत नव्हता," फिर्यादी म्हणाले. "आम्हालासुद्धा नाही."

मी दुसऱ्या दिवशी पुरवणी जबाब घ्यायला घरी गेले. ते दूध आणायला खाली उतरले होते. त्यांची पत्नी एकटीच होती. मी विचारलं, "काकू, गाडी आणली तेव्हा पूजा केली असेल ना?"

"केली की. नारळ फोडला, हार घातला."

"पहिल्यांदा चालू कुणी केली?"

त्या ओट्यावरचे डबे सरळ करायला लागल्या. मग म्हणाल्या, "सुनेनं. आमच्याकडं पद्धत हाय, नवी गाडी घरच्या लक्ष्मीच्या हातानं चालू करायची. हेच म्हणाले, रिमोट नको, नंबर टाकून कर, तुझ्या मनाचा नंबर घाल. तिनं घातला. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो."

"सून कुठं असते आता?"

"भावाकडं. तेराव्यानंतर हे म्हणाले, थोडे दिवस जाऊन ये. एक बॅग घेऊन गेली." त्यांनी आवाज खाली आणला. "मी सांगितलं म्हणून सांगू नका."

त्याच आठवड्यात हवालदारांना खबर आली. तुर्भ्याला, ट्रक उभे राहतात त्या बाजूला पंक्चर काढणारा एक माणूस त्यांच्या ओळखीचा होता. तो फोनवर म्हणाला, "साहब, इकडं एक भारी गाडी ताडपत्री टाकून ठेवलीय. चालवत कोणीच नाय. संध्याकाळी एक बाई येते, ताडपत्री काढते, सीटवर बसते, परत झाकते नि जाते. डोक्यानं जरा सटकलेली वाटते, पण त्रास काय नाय."

आम्ही साध्या कपड्यांत जाऊन थांबलो. ती आली. सडपातळ, पंजाबी ड्रेस, खांद्याला ऑफिसची बॅग. हवालदार माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, आपला इसम तर बाई हाय." ती गाडीवर बसली तेव्हा मी पुढं झाले. तिनं पळायचा प्रयत्न केला नाही. तिनं फक्त विचारलं, "हेल्मेट घेऊ का बरोबर?"

पोलीस ठाण्यात मी तिचा जबाब घेतला. तिला चहा दिला, तो तिनं घेतला नाही.

"गाडी चोरलीत?"

"चोरली नाही. चालू केली."

"म्हणजे?"

"मी माझी सर्टिफिकेट्स मागायला गेले होते. सासऱ्यांनी दार उघडलं नाही. कुलूप बदललेलं, दारावरची पाटी बदललेली, वायफायचा पासवर्डसुद्धा बदललेला, मोबाईलला जुनं नेटवर्क लागेना. खाली आले तर गाडी उभी. म्हटलं, हा नंबरपण बदलला असेल, बघू. टाकला. चालू झाली. मग मला बंद करता येईना, मॅडम. त्याचं जॅकेट आणि हेल्मेट डिकीतच होतं. त्यानंच शिकवली होती मला, पामबीच रोडला."

"विकायची होती?"

"कुणाला विकू? त्यात माझा नंबर आहे."

थोड्या वेळानं तिनं मान वर केली. "माझं विमानतळावर सिलेक्शन झालंय. ग्राउंड स्टाफ. पोलीस व्हेरिफिकेशन बाकी आहे. ते इथंच येणार ना?"

ते आमच्याकडेच येणार होतं. आणि तिच्यावर गुन्हा दाखल होता.

मी वरिष्ठांशी बोलले. गाडी मुलाच्या नावावर होती. कायद्यानं वारस बायको आणि आई. वडिलांचा क्रम नंतर येतो. वरिष्ठ म्हणाले, "चोरीत मालकी नाही बघत, ताबा बघतात. ताबा म्हाताऱ्याचा होता. पण आईनं जबाब दिला की माझ्या संमतीनं नेली, तर दिवाणी स्वरूपाचा वाद म्हणून अहवाल पाठवता येईल. आण तिला."

म्हणजे सगळं एका वाक्यावर आलं होतं. ते वाक्य बोललं गेलं तर मुलीची नोकरी राहणार होती.

सासूबाई आल्या. सून बाकावर बसली होती. त्या तिच्यासमोरून गेल्या, जाताना त्यांचा हात तिच्या डोक्याजवळ गेला आणि परत आला. सासरे माझ्या टेबलाला हात टेकून उभे होते.

"काकू," मी म्हणाले, "गाडीवर तुमचाही हक्क आहे. सुनेनं नेली ती तुमच्या संमतीनं का?"

"तिला काय विचारता?" सासरे म्हणाले. "माझ्या पोराची शेवटची वस्तू होती ती. हिनं पोरगा खाल्ला, आता गाडीपण पाहिजे."

"मी त्यांना विचारतेय, काका."

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, सुनेकडेही नाही. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "हे म्हणतील तसं."

मी तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला. दुसऱ्या दिवशी घरी जाऊनही विचारला. उत्तर बदललं नाही. त्यांना त्याच घरात राहायचं होतं. दोषारोपपत्र गेलं. व्हेरिफिकेशन आलं तेव्हा त्यावर जे खरं होतं ते लिहून गेलं आणि विमानतळावर तिच्या जागी दुसरी मुलगी लागली.

पोलिसी शिक्षणात ताबा हा शब्द पहिल्याच वर्षी येतो. कपाटात रिमोट, कपाटाला कुलूप, कुलपाची किल्ली खिशात, हा ताबा. एखाद्या घरात एखादी बाई काही वर्षं वावरली, तिथले आकडे, डबे, सवयी तिच्या डोक्यात राहिल्या, तर त्याला काय म्हणायचं हे मला कुठल्याच कलमात सापडलं नाही. मी गुन्हा उघडकीस आणला होता. माझ्या सेवापुस्तिकेत त्याची चांगली नोंद आहे.

कोर्टानं गाडी फिर्यादींच्या ताब्यात द्यायचा हुकूम केला. ते शोरूमच्या मेकॅनिकला घेऊनच ठाण्याच्या आवारात आले. म्हणाले, आधी नंबर बदलायचा, मग गाडी हलवायची. मेकॅनिकनं सांगितलं, इथल्या इथं बदलायचा तर जुना नंबर टाकावा लागेल.

सासरे माझ्याकडे वळले. "फोन लावा तिला."

तुम्हीच लावा, असं मी म्हणाले. त्यांच्याकडे तिचा नंबर नव्हता. उन्हात सगळेच थांबले होते. शेवटी मी लावला. गाडीतला तो चार आकडी नंबर कशासाठी हवा आहे ते तिला सांगितलं आणि नाही म्हणालात तरी चालेल, हेही सांगितलं.

 तिनं एकेक आकडा, सावकाश, लिहून घेणाऱ्याला सांगावा तसा सांगितला. मी तो मोठ्यानं म्हटला. मेकॅनिकनं टाकला. गाडीनं ओळखलं, समोरचा दिवा लागला.

"लागला?" तिनं फोनवर विचारलं.

"हो."

"बरं," ती म्हणाली. "आता बदलायला सांगा."