हाक घरचीच

‘बरं, मग पुढं?’

समोरचा माणूस कितीही तापलेला असो, मॅडम हनुवटीखाली मूठ टेकवायच्या आणि एवढंच विचारायच्या. कामगार म्हणायचा, मालक आम्हाला माणसात धरत नाही. ‘बरं, मग पुढं?’ मालक म्हणायचा, पोरं मोबाइल सोडत नाहीत. ‘बरं, मग पुढं?’ एकदा आमचा प्रोजेक्टर चोरीला गेला. मी घामाघूम होऊन सांगायला धावलो, तर मलाही तोच प्रश्न. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आधी त्याचा राग येतो, मग थोड्या वेळानं आपणच गार होऊन नीट बोलायला लागतो.

बारामती एमआयडीसीतल्या एका कंपनीत त्यांनी बरीच वर्षं कामगारांचं खातं सांभाळलं. मग नोकरी सोडली आणि ठिबकच्या दुकानावरच्या माडीवर संस्था काढली. नेतृत्व आणि कामाची संस्कृती शिकवणारी. लोक हसायचे. आमच्याकडं चहाच्या टपरीवर उभा असलेला माणूसही पुढारी असतो, त्याला ही बाई आणखी काय शिकवणार? संस्था म्हणजे मॅडम, मी आणि एक पांढरा फळा. पडद्यावरची चित्रं मी करायचो, गाडी मी चालवायचो आणि चहा उशिरा आला की तोंडही मीच वाकडं करायचो. आता मॅडम पुण्याला मुलीकडं राहायला गेल्या आहेत. संस्था मी चालवतो, पण माणसं अजून फोनवर विचारतात, ‘मॅडम हायत का?’

कुठल्याही कारखान्यात गेलं की त्या आधी मालकाला विचारायच्या, ‘तुमची माणसं जेवायला कुठं बसतात?’ मालक इकडंतिकडं बघायला लागला की त्यांना कळायचं इथं काम आहे. मग स्वतःचा डबा घेऊन त्या तिकडंच जायच्या. दुपारच्या सत्रात त्यांना सगळ्यांच्या भाजीची चव माहीत असायची आणि घरातली भांडणंही. मी मात्र मालकाच्या एसीत बसून जेवायचो. दोघांपैकी एकानं तरी आराम करावा, असं माझं मत होतं.

त्या मूळच्या बारामतीजवळच्या कन्हेरी गावच्या. भाषण अगदी स्वच्छ, पुस्तकी. पण मनाला काही लागलं की कन्हेरीची बोली बाहेर यायची. ते मी फार क्वचित ऐकलं. नीट ऐकलं ते डाळजला.

झालं असं, की मॅडम पुण्यात एका शिबिराला जाऊन आल्या आणि येताना एक नवा नियम घेऊन आल्या. कामाच्या जागी सगळ्यांनी एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारायची. साहेब नाही, राव नाही, काका-मामा नाही. छातीवर नावाची पट्टी. त्यानं म्हणे माणसं बरोबरीनं बोलायला लागतात. एमआयडीसीतल्या एका कंपनीत हा नियम झकास चालला. तिथली माणसं चार जिल्ह्यांतून आलेली, कुणी कुणाचं नात्यातलं नाही. मॅडम खूश झाल्या. आणि त्याच उत्साहात आम्ही पट्ट्यांचा खोका घेऊन भिगवणच्या पुढं डाळजला गेलो.

डाळजला हायवेलगत डाळिंबाचं पॅकहाउस होतं. शेतकऱ्यांचा माल यायचा, बायका तो निवडायच्या, खोक्यात भरून बाहेर जायचा. मालक धनंजय, नुकतंच व्यवस्थापनाचं शिक्षण घेऊन आलेला पोरगा. माल भरण्याचं सगळं बघायचे त्याचे सख्खे चुलते, तात्या. धनंजयचा बाप लवकर गेला आणि तात्यांनी पोराला वाढवलं. निवडणाऱ्या बायकांत कुणी चुलती, कुणी वहिनी, कुणी भावकीतली सून. थोडक्यात, आख्खं घरच शेडमध्ये उभं होतं. हे आम्हाला दिसत होतं. तरी पट्ट्या लागल्या.

तात्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ‘बबन’ लागलं. धनंजय वर्गातला हुशार विद्यार्थी. दुपारी सगळ्या बायकांसमोर त्यानं मोठ्यानं हाक मारली, ‘बबन, ते क्रेट इकडं घे!’

एका बाईच्या हातातलं डाळिंब तसंच राहिलं. तात्यांनी पट्टी काढली, टेबलावर ठेवली, टोपी नीट केली आणि म्हणाले, ‘येतो मी.’ ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी धनंजयचा फोन आला. ‘मॅडम, तात्या माझ्याशी बोलत न्हाईत. समोर आलो की उठून जात्यात. ताट बी येगळं घेत्यात. मी तर तुमी सांगितलं तेच केलं.’

मॅडमनी ‘बरं’ म्हटलं आणि पुढचं काही विचारलंच नाही. फोन ठेवून त्या फळ्याकडं बघत बसल्या. ‘माणसांनी बोलावं म्हणून आपण हे काढलं,’ त्या म्हणाल्या, ‘आणि एका घरातलं बोलणंच बंद पाडलं. ते सुरू झालं नाही तर हे दुकान मी बंद करणार.’ मी म्हटलं, अहो, होतील गार. पण मला त्यांचा स्वभाव माहीत होता. त्या खरंच कुलूप लावतील याची मला धास्ती पडली.

आम्ही डाळजला गेलो. तात्या घराच्या मागं फवारणीचा पंप उघडून बसले होते. मॅडमना बघून उठले नाहीत. मॅडम समोरच्या दगडावर बसल्या. मी पंपाकडं बघत उभा राहिलो, जणू मला त्यातलं काही कळतं.

‘तात्या, चूक माझी हाय. नियम मी काढला. पोराचा दोष न्हाय.’

‘तुमी शिकलेल्या बाय. तुमचं कसं चुकंल?’

‘चुकलं. व्हय, चुकलं.’

तात्यांनी पंपाचा वायसर काढून पुसला. मग खाली बघूनच बोलले, ‘मला नावानं हाक मारणारी माझी आय एकली. ती गेली. तिच्यामागं माझं नाव कुणी घेतलं न्हाय. घरची बाय तर घेतच न्हाय. आन् ह्यो... ज्याला मी खांद्यावर घेऊन हिंडलो, त्यो बायकांच्यात बबन म्हनतो.’

मॅडमचे डोळे भरले. माझेही, उगाच कशाला लपवू? मॅडम म्हणाल्या, ‘मला बी कुणी नावानं हाक मारत न्हाय, तात्या. कन्हेरीत आई मारायची. आता सगळी मॅडमच म्हणत्यात.’

‘काय नाव तुमचं?’

मॅडमनी सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही. ते त्या दोघांत झालेलं बोलणं होतं.

‘चांगलं हाय की,’ तात्या म्हणाले. ‘कशाला दडवून ठिवलंय मग?’

मॅडम हसल्या. परत येणार का, म्हणून विचारलं, तर तात्या म्हणाले, ‘बघू.’ आमच्या भागात ‘बघू’चा अर्थ उद्यापासून कधीच नाही इथपर्यंत काहीही होतो.

तिथून आम्ही पॅकहाउसवर गेलो. मॅडमनी सगळ्या बायकांना आणि धनंजयला गोळा केलं आणि सांगितलं, की माझा नियम चुकला, पट्ट्या काढा. बायकांनी इतक्या झटपट काढल्या की मला आमच्या सगळ्या प्रशिक्षणाची शंका आली. एक चुलती म्हणाली, ‘बरं झालं, मॅडम. माझी सून मला नावानं हाक मारायला लागली आसती, तर म्या तिच्या डोस्क्यात क्रेटच घातलं आसतं.’ सून शेजारीच उभी होती. तीही हसली.

‘आता असं करायचं,’ मॅडम म्हणाल्या. ‘ज्या टेबलाचं काम ज्याच्याकडं, तिथं शेवटचा शब्द त्याचा. मग तो पुतण्या असो नाहीतर सून. हाक मात्र घरचीच मारायची.’ आणि धनंजयला बाजूला घेऊन सांगितलं, ‘माफीचं भाषण नको करू. संध्याकाळी त्यांच्या शेजारी ताट घेऊन बस. ते उठले तर उद्या परत बस.’

त्यानंतर डाळजहून काहीच कळेना. मॅडम स्वतः फोन करायच्या नाहीत, मलाही करू द्यायच्या नाहीत. इंदापूरचं ठरलेलं एक सत्र त्यांनी पुढं ढकललं. डबा अर्धा परत जायला लागला. मी माडीची किल्ली माझ्याच खिशात ठेवायला लागलो.

शेवटी एका सकाळी त्याच म्हणाल्या, ‘चला, बघून येऊ.’ वाटेत भिगवणला मी मासे घ्यायचे का विचारलं, तर त्यांनी ऐकलंच नाही. पॅकहाउसच्या फाटकाशी गाडी उभी केली. मॅडमचा हात दाराच्या कडीवर होता, पण दार उघडत नव्हत्या. तेवढ्यात आतून आवाज आला.

‘आवो तात्या, ह्यो माल पुण्याला जायाचाय, दुबईला न्हाय! एवढं कशाला निवडताय?’

‘म्हंजी पुण्याच्या मानसानं डागी खायाचं व्हय रं? ह्ये टेबल माझं हाय. तू तुझ्या हापिसात जा!’

‘गाडी थांबलीया तात्या!’

‘थांबू दे! बापाला शिकवतो व्हय रं?’

‘इंजिन बंद करा,’ मॅडम मला म्हणाल्या. मी बंद केलं. आता सगळं लख्ख ऐकू यायला लागलं. खोकी आपटल्याचा आवाज, बायकांचं हसणं, आणि त्या दोघांची खच्चून जुंपलेली. भांडण कसं मिटवावं यावर आमचं दिवसभराचं सत्र होतं, फार गाजलेलं. ते सत्र घेणारी ही बाई मान मागं टेकून, डोळे मिटून ते भांडण ऐकत होती.

ती चुलती पाणी प्यायला बाहेर आली, गाडी बघून जवळ आली. ‘अगं बया, मॅडम! आत या की. सकाळधरनं चाललंय ह्यांचं.’

‘लई जोरात?’ मॅडमनी विचारलं.

‘लईच!’

मॅडमनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. रडतायत की हसतायत, मला कळेना. मी पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हटलं, आत जाऊन मिटवू या का?

‘खबरदार,’ त्या म्हणाल्या. ‘बोलू द्या त्यांना.’