अंड्यातलं पिवळं

अंडं घेताना मी ते कानाजवळ नेऊन हलवते. बुलढाण्याच्या किराणा दुकानात माझ्यामागे उभी असलेली माणसं हसतात आणि दुकानदार कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "मॅडम, ताजीच आहेत." त्याला काय, तो साबणालाही ताजाच म्हणेल. मी हलवते. आत काही डुचमळलं तर परत ठेवून देते. मग कवचावरून बोट फिरवते. खडूसारखं खरखरीत लागलं तर घ्यायचं, गुळगुळीत होऊन चमकायला लागलं असेल तर ते बरेच दिवस तिथं पडून आहे असं समजायचं. सगळ्यात वरच्या ट्रेमधली घ्यायची नाहीत, कारण दारातून येणारं दुपारचं ऊन त्यांच्यावरच पडतं. हे सगळं मला मायनं शिकवलं. आणि शिकवलं तेव्हा मायनं जन्मात कधी अंडं खाल्लेलं नव्हतं.

माय माळकरी. लग्न होऊन आली तीच गळ्यात तुळशीची माळ घेऊन. आमचं गाव शेगावच्या बाजूचं, त्यामुळे गुरुवारी महाराजांचं दर्शन चुकायचं नाही. घरात अंडं तर सोडाच, बेकरीचा केकसुद्धा कधी आला नाही. बाबा मात्र सगळं खाणारे. लग्नानंतर त्यांनी घरात सोडलं, बाहेर चालू ठेवलं. शेगावला काही काम निघालं की स्टेशनबाहेरच्या गाडीवर आमलेट खायचे आणि तोंडात मूठभर बडीशेप कोंबून घरी यायचे.

"एवढी बडीशेप कायले खाल्ली? जेवण तं अजून व्हायचं हाये," माय विचारायची.

"पचनाले," बाबा म्हणायचे.

"काय पचवलं मंग?"

यावर बाबा बैलाला पाणी पाजायला निघून जायचे. मायला सगळं माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे बाबांनाही माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती मूठ दोघांनी मिळून झाकून ठेवली होती. त्यांच्या संसारात एवढं एकच खोटं होतं, आणि मला ते फार आवडायचं.

आमच्याकडचं पाणी खारं आहे. विहिरीचं खारं, बोअरचंही खारं. ज्या गल्लीत किडनीचा पेशंट नाही अशी गल्ली आमच्या भागात शोधावी लागते. बाबांचे पाय सुजायला लागले तेव्हा आम्ही सगळे, उन्हानं असेल, चालण्यानं असेल, असं म्हणत राहिलो, पण आतून सगळ्यांना कळलं होतं. मग आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर जाणं सुरू झालं. पाणी मोजून, मीठ बंद, केळी बंद, डाळही बेतानं. पहिल्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले की मशीनवर अंगातली ताकद निघून जाते, ती भरून काढायला रोज अंड्याचं पांढरं द्या. पिवळं अजिबात नाही, ते यांना चालायचं नाही.

मी बुलढाण्याहून रजा काढून सोबत गेले होते. मायनं पदर सारखा केला आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, त्याच्याबदल्यात दुसरं काई नाई का?"

"आहे, पण यासारखं नाही," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या वाटेवर माय ऑटोत गळ्यातली माळ चाचपत बसली होती. बाबा बाहेर पाहत होते, पण मिशीत हसत होते. चौकात उतरल्यावर मला वाटलं, आता मलाच दुकानात पाठवेल. तर ती स्वतः चालत गेली.

दुकानदारानं मायच्या गळ्यातली माळ पाहिली, अंड्यांकडे पाहिलं, आणि हळूच काळी पिशवी काढली. आमच्याकडे अंडी काळ्या पिशवीत घालून देतात, कुणाला दिसू नयेत म्हणून.

"काळी कायले?" माय म्हणाली.

"राहू द्या ना काकू, लोक पाह्यतात."

"पाहू दे. पाप नाई करून राह्यली मी, दवाई घेऊन राह्यली. माह्या माणसाची दवाई हाये. पांढऱ्या पिशवीत दे."

चौकातून घरापर्यंत ती पांढरी पिशवी हातात लोंबकळवत आली. ओट्यावरच्या दोन बायकांनी मान वळवून पाहिलं, तर माय त्यांनाच म्हणाली, "हाव, अंडे हायेत." तिला त्यांच्याशी भांडायचं नव्हतं. तिला एकच पाहिजे होतं, की माणूस राहिला पाहिजे.

पण गळ्यातली माळ काही तिचा हात मोकळा होऊ देईना. पहिल्या दिवशी तिनं अंडी सांडशीनं उचलायला पाहिली. दोन फुटली. मग माळ काढून दाराआडच्या खिळ्याला अडकवली, अंडी उकडली, आंघोळ केली आणि माळ परत घातली. घरातली विळी अंड्याला लागू नये म्हणून उकडलेलं अंडं ती दोऱ्यानं कापायची, दोऱ्याचं एक टोक दातात धरून. अंड्यांसाठी वेगळं पातेलं, वेगळी चूल, तीही न्हाणीच्या मागं. फ्रिजमध्ये अंडी ठेवायची नाहीत, कारण त्यात नैवेद्याचं दूध. मी म्हटलं, "माय, खालच्या कप्प्यात ठेव ना." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा फ्रिजचं नाव काढलं नाही.

आणि तिनं आणखी एक केलं. दुकानातून आणलेली अंडी घरात घेण्याआधी धुतली. नुसती नाही, चोळून चोळून, वरून तुळशीचं पाणी शिंपडून. त्यांचा विटाळ जावा म्हणून. मग टोपलीत घालून ओसरीवर टांगून ठेवली. दिवस उन्हाळ्याचे, आमच्याकडचा उन्हाळा काही विचारू नका. तिसऱ्या दिवशी अंडं फोडलं आणि जो वास सुटला, बाबा खाटेवरून उठून बाहेर गेले. दुसरं फोडलं, तेही तसंच. माय टोपली घेऊन तिथंच बसली.

"महाराजाले नाई आवडलं," ती म्हणाली. "मी माळ काढली म्हणून असं झालं."

मला राग आला. देव काय अंडी नासवत बसलेत, असं मी बोलले. ती फुटकी कवचं वेचत राहिली, आणि मग मलाच कसंतरी झालं. तिला खरंच वाटत होतं की तिच्या हातानं बाबांचं औषध नासलं.

बुद्धविहाराच्या गल्लीत एक मावशी राहते. मायच्या बरोबरीची. दोघी कित्येक वर्षं निंदणाला, कापूस वेचायला एकाच रांगेत. मावशीच्या घरी कोंबड्या आहेत. माय तिच्याकडे गेली, मीही मागोमाग. सगळं ऐकून मावशी पोट धरून हसली.

"धुतलं काऊन वं? कोंबडीनं अंड्याले कपडा घालून देल्ला असते. तो तू घासून काढला. मंग उघड्या अंगानं उन्हात टांगलं. नाई नासणार तं काय होईन?"

"म्हणजे देवाचं काई नाई?"

"देवाले एवढा टाइम हाये का?"

तिथं माय हसली. त्या आजारपणात मी तिला हसताना पाहिलं ते तेव्हाच पहिल्यांदा. मग मावशीनं चहा ठेवला आणि माय तो प्यायली. इतक्या वर्षांच्या सोबतीत, शेतात एका बांधावर बसून भाकर खाल्ली असली, तरी मावशीच्या घरात बसून मायनं चहा घेतला तो पहिल्यांदाच. का पहिल्यांदाच, हे सांगायची गरज नाही. मला तिथं बसून लाज वाटत होती. मावशीनं मात्र कपात साखर जास्तच घातली होती.

मावशीनं सांगितलं तसं मायनं केलं. पाण्याच्या रांजणाखाली ओली वाळू असते, त्यात एक छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. आत कोरडा कोंडा. त्यात अंडी निमुळतं टोक खाली करून ठेवायची, वरून पातळ फडकं. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. शंका आली तर अंडं पाण्यात सोडून पाहायचं. आडवं तळाशी बसलं तर ताजं, उभं राहिलं तर आजच संपवायचं, तरंगलं तर उकिरड्यावर. भर उन्हाळ्यातही मडक्यात हात घातला की गार लागायचं. नंतर एकही नासलं नाही. हळूहळू माय दुकानात अंडं हातात घेऊन नुसत्या वजनावरून सांगायला लागली. खरबूज पारखणारी बाई ती, तिला हे काय अवघड!

बाबांना मात्र ते पांढरं घशाखाली उतरायचं नाही. मीठ नाही, मिरं नाही, काही नाही.

"जल्मभर चोरून खाल्लं तवा काय चव होती," ते म्हणायचे. "आता तुह्या हातचं राजरोस खाऊन राह्यलो तं नुसता रबर."

"खा गुमान."

"पिवळं कुठं जाते वं?"

पिवळं कुत्र्याला जायचं. गल्लीतलं एक खरजुलं कुत्रं ओट्याखाली येऊन बसायचं, माय दोऱ्यानं अंडं कापून पिवळा गोळा त्याच्यापुढे टाकायची. दिवाळीपर्यंत त्याची खरूज गेली, अंगावर केस आले. बाबांच्या गालाची हाडं वर यायला लागली होती. "माह्या वाटचं खाऊन पहेलवान झाला पाह्य," बाबा त्याला बघून म्हणायचे. आम्ही हसायचो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

थंडी पडल्यावर मायला दोनदा आंघोळ झेपेना. खोकला धरला. बाबा म्हणाले, "राहू दे माळ खिळ्याले. तू पडली तं मले अंडं कोण देईन?" तिनं एक दिवस राहू दिली. मग दुसरा. मग ती माळ तिथंच राहिली, दाराआड.

पुढचं मला मायनं नंतर सांगितलं. एका गुरुवारी सकाळी बाबांनी ताटलीतलं पांढरं बाजूला सारलं आणि म्हणाले, "आज पिवळंबी दे. एकच. मीठ लावून."

"डॉक्टरनं नाई म्हणलं हाये."

"डॉक्टरले काय समजते? तू दे."

"शनिवारी मशीनवर जाऊ तवा इचारून पाहू," माय म्हणाली. आणि रोजच्यासारखं पिवळं कुत्र्याला टाकलं. बाबा बघत होते. पांढरं खाल्लं.

शनिवारी सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा बाबा गेलेले होते.

मी पोचले तेव्हा माय भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. दहाव्याला नैवेद्याच्या पानात काय काय वाढायचं यावर आत्या आणि काकूंची चर्चा झाली. पुरणपोळी आवडायची, भजी आवडायची, वांग्याची भाजी आवडायची. सगळं केलं. माय एका कोपऱ्यातून बघत होती. तेव्हा मला वाटलं, ती थकली आहे. तेराव्यापर्यंत तिच्या डोळ्यात पाणी आलं नाही, आणि बायका आपसात त्यावरही बोलल्याच. माणूस गेला तरी यांची तोंडं काही बसत नाहीत.

पाहुणे गेल्यावर दुपारी मी भांडी आवरत होते. रांजणाकडे खुडबुड झाली म्हणून पाहिलं, तर मायनं वाळूतलं मडकं उपसलं होतं. बाबांसाठी आणलेली शेवटची अंडी त्यातच राहिली होती. ती पातेल्यात पाणी घेऊन एकेक सोडत होती. काही उभी राहिली. एक मात्र अजून तळाशी आडवं बसलं. तेवढंच तिनं न्हाणीमागच्या चुलीवर उकडलं. मला वाटलं, कुत्र्यासाठी असेल.

तिनं अंडं सोललं, दोरा दातात धरला, दोन फाकी केल्या. पिवळा गोळा बाजूला काढला. मग आत जाऊन चिमूटभर मीठ आणलं आणि त्यावर टाकलं. बाबा बसायचे तिथं, ओसरीच्या त्या खांबाशी ती बसली, आणि ते पिवळं तिनं तोंडात घातलं.

"माय!" मी ओरडले. "काय करून राह्यली?"

ती हळूहळू चावत होती. डोळे मिटून. गिळलं, आणि म्हणाली, "मले पाह्यचं होतं वं, मी त्यायले नाई म्हणलं ते काय होतं."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या ओठांच्या एका कोपऱ्याला पिवळा कण लागला होता.

"चांगलं लागते," ती म्हणाली. "लय चांगलं लागते. एक देलं असतं तं काय झालं असतं?"

आणि मग ती रडली. तेरा दिवसांचं सगळं एकदम. मी तिला धरून होते आणि मीही रडत होते, आणि मला तिला खोटं सांगता येईना की काही झालं नसतं, आणि खरंही सांगता येईना, कारण खरं काय ते मलाही माहीत नाही.

कुत्रं ओट्याखाली नेहमीसारखं येऊन बसलं होतं. बऱ्याच वेळानं मायनं डोळे पुसले आणि उरलेलं त्याच्यापुढे टाकलं. त्या दिवशी त्याला पांढरं मिळालं.