नोएलीनची सक्तीची विश्रांती

वॉरिंगलच्या बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवत खेळायच्या क्लबात, नोएलीन टस्करचा दरारा होता तो बुटांवरून. हिरवळीवर पाऊल ठेवायचं तर बूट सपाट तळाचाच हवा, हा नियम तिनं ठसठशीत अक्षरांत लिहून फाटकावर लावला होता आणि तो पाळला जातो की नाही हे बघायला ती स्वतः फाटकाशी उभी राहायची. एकदा हिरवळीवर फोटो काढायला आलेल्या नव्या नवरीला तिनं उंच टाचांसकट माघारी धाडलं होतं. नवरी रडली, पण नोएलीन बधली नाही. आणि हीच बाई आपल्या सलूनमध्ये अडतीस वर्षं टोकदार, उंच टाचांच्या बुटांत उभी राहून गावाचे केस कापत होती. तिथे तिला नियम सांगणारं कुणी नव्हतं.

त्याचं फळ एकाहत्तराव्या वर्षी मिळालं. उजव्या पंजाखाली, तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये, बुटात खडा गेल्यासारखं टोचायला लागलं. ती बूट काढून झटकायची, खडा काही निघायचा नाही. नोएलीननं सरळ निष्कर्ष काढला की हा क्लबाच्या वाटेवरच्या खडीचा प्रताप. हिरवळ सांभाळणारा ॲथोल ब्रँट, जो खेळाडूंची निवडही करायचा, तिच्या या एका खड्यापायी वर्षभर रोज वाट झाडत राहिला. वाट आरशासारखी लख्ख झाली तरी खडा टोचतच होता. मग ती डॉक्टरकडे गेली आणि कळलं की खडा बुटात नव्हताच, पायात होता. चेंगरून चेंगरून तिथली नस सुजली होती आणि तिची गाठ झाली होती.

"कापून टाका," नोएलीन म्हणाली. "पण एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मला खेळायचंय."

त्या शनिवारी नदीपलीकडच्या क्लबाशी सामना असायचा. बक्षीस काय, तर एक टवके उडालेली चहाची किटली. पण त्या किटलीपायी दोन्ही काठांवर महिनाभर धड कुणी कुणाशी बोलायचं नाही. चौघींच्या संघाची नोएलीन अकरा वर्षं कॅप्टन होती. डॉक्टरनं दिवस मोजले. पाच आठवडे भरत होते. चालाल, तो म्हणाला, पण बोटांवर जोर देऊन पंजा वाकवायचा नाही. आता लाकडी गोळा सोडताना पुढे पाऊल टाकायचं म्हणजे मागच्या उजव्या पायाची बोटं वाकणारच. हे नोएलीनला ठाऊक होतं, पण ती डॉक्टरला काही बोलली नाही.

तिला भीती दुखण्याची नव्हती, स्वयंपाकघराची होती. क्लबातली एक रीत कुठे लिहिलेली नव्हती, पण सगळे ती पाळायचे. ज्या बाईचं नाव एकदा यादीतून गेलं ती स्वयंपाकघरात जायची, सँडविचच्या पावाला लोणी लावायची, आणि पुन्हा हिरवळीवर यायची नाही. शेजारच्या कोरल डिन्समोरचं तसंच झालं होतं. तीन वर्षांपूर्वी तिचा गुडघा बदलला आणि तेव्हापासून लोण्याची सुरी तिच्या हातात आली.

ऑपरेशन झालं. गाठ बघितल्याशिवाय मी जाणार नाही म्हणून नोएलीन अडून बसली. बाटलीत वाटाण्याएवढा फिकट गोळा होता. "एवढ्याशासाठी मी ॲथोलला वर्षभर झाडायला लावलं," ती म्हणाली, आणि तिला जरा वाईटही वाटलं.

पहिले दोन आठवडे पाय तीन उशांवर आणि त्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी. आंघोळीला पायावर पावाची रिकामी पिशवी रबरानं बांधायची. कोरल रोज सूप घेऊन यायची, मटारची पिशवी बदलायची, आणि नोएलीनची बडबड ऐकून घ्यायची. टाके निघाले. दोन बोटांच्या मधली बाजू बधिर झाली होती. ती तशीच राहणार, असं डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं. एक महिना घालायला त्यानं बूट दिला. फळीसारखा ताठ, मुळीच न वाकणारा. नोएलीननं तो उलटा करून तळ बघितला. असा सपाट बूट तिनं अख्ख्या जन्मात पाहिला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात तो बूट घालून तिनं घरातल्या बोळात, गालिच्यावर, सराव सुरू केला. समोर जॅकच्या, म्हणजे ज्याच्या जवळात जवळ गोळा न्यायचा त्या छोट्या पांढऱ्या चेंडूच्या जागी एक मोसंबं ठेवलं. पाऊल पुढे टाकायला गेली आणि पंजातून अशी कळ गेली की गोळा भिंतीवर आदळला. पाच वेळा तेच झालं. कोरल दाराशी सूप घेऊन उभी होती.

"पाऊल टाकू नकोस," ती म्हणाली. "दोन्ही पाय आधीच रोवून उभी राहा, आणि नुसता हात झुलव."

"अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखं?"

कोरलनं सूप खाली ठेवलं. गोळा उचलला, डावा पाय पुढे रोवला, गुडघे जरासे वाकवले. हात मागे गेला, पुढे आला. गोळा गालिच्यावरून निवांत निघाला, शेवटी शेवटी डावीकडे वळला आणि मोसंब्याला टेकून थांबला. दुसराही तसाच टेकला. तिसऱ्यानं दुसऱ्याला हळूच बाजूला सारून त्याची जागा घेतली.

नोएलीन भिंतीला धरून उभी होती. अकरा वर्षांत तिच्या हाताखाली असं कुणी खेळलं नव्हतं.

"हे कधी शिकलीस?"

"गुडघा बदलल्यावर. घरीच."

"मग बोलली का नाहीस मला?"

"तू विचारलंस कुठे?" कोरल म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तू घरी आलीस, केक आणलास, माझा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, कोरल, यंदा जरा विश्रांती घे. इतक्या मायेनं म्हणालीस की नाही म्हणायची मलाच लाज वाटली."

तो केक नोएलीनला आठवला. लिंबाचा होता. तो दिल्यावर आपण किती चांगल्या आहोत असं वाटत ती घरी आली होती, तेही आठवलं. आता लाज तिला वाटली. सूप निवून गेलं. त्या दिवसापासून रोज दोन तास कोरल तिला शिकवत होती, आणि शिकवताना बिलकुल मायाळू नव्हती.

सामन्याआधीच्या गुरुवारी यादी लागायची होती. नोएलीन ताठ बुटात खट खट करत क्लबात शिरली. ॲथोलनं कागद अजून फळ्यावर लावला नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, शेजारी बसला आणि तिच्या हातावर हात ठेवला.

"नोएलीन," तो हळुवारपणे म्हणाला, "यंदा जरा विश्रांती घे."

आपला आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं मोठं अवघड असतं. तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. आत कोरल एप्रन बांधून पावाला लोणी लावत होती.

"पाच आठवडे घेतली, पुरली," नोएलीन म्हणाली. "हा बूट बघ, सपाट आहे की नाही?"

ॲथोलनं तिच्याच पद्धतीनं तळावर अंगठा फिरवला, कडा तपासल्या. हिरवळीला ओरखडा काढेल असं काही सापडलं नाही, आणि नियमात तळाशिवाय दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. लिहिणारीच समोर बसली होती.

"लिनेट मुलीच्या बाळंतपणाला पर्थला गेलीय, म्हणजे पहिला गोळा टाकणारी आपल्याकडे नाही," नोएलीन पुढे म्हणाली. "तिथे कोरलचं नाव लिही."

"कोरलचं? अगं, तिचा गुडघा. आणि मग सँडविच कोण करणार?"

"तू. लोणी कडेपर्यंत लाव, मध्येच फासून ठेवू नकोस."

मग ती स्वयंपाकघरात गेली. तिथे आणखी दोघीजणी होत्या, त्यांच्यादेखत तिनं कोरलला सांगितलं, की तीन वर्षांपूर्वी मी चुकले, तुला न विचारता तुझं नाव काढायला लावलं, माफ कर. कोरलनं सुरी पुसली, पाटावर ठेवली, आणि एप्रनची गाठ सोडायला लागली. ती बरीच घट्ट बसली होती, नोएलीननं मागून सोडून दिली.

शनिवारी कोरलचा पहिला गोळा जॅकला टेकला तेव्हा नदीपलीकडच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. दिवसभर पहिला गोळा टाकायला एक आणि शेवटचा टाकायला दुसरी, दोघी पाय रोवून कोंबड्यांसारख्या उभ्या राहून खेळत होत्या, आणि हसायची कुणाची छाती झाली नाही. किटली मात्र एका गुणानं नदीपलीकडे गेली. शेवटचा गोळा नोएलीनचाच चुकला. तिनं दोष पायावर ढकलला नाही, हातच चुकला म्हणाली. ॲथोलनं केलेली सँडविच खाताना दोघींनी पुढच्या वर्षीची चौकडी ठरवून टाकली, त्यात कोरल कॅप्टन होती आणि कल्पना नोएलीनची होती. यंदा जरा विश्रांती घे, असं त्यानंतर त्या क्लबात कुणी कुणाला म्हटलं नाही, निदान नोएलीनच्या कानावर पडेल असं तरी नाही.