गॉल्गी शिकवलं कोणी?

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मी सौंसरला आमच्या विज्ञानाच्या सरांकडून शिकली. अजूनही आठवलं की डोकं भणभणते माझं.

मला नागपूरला कॉलेजात जायचं होतं. बाबा म्हणाले होते, "सर हो म्हणतील तर धाडतो." आणि सरांची तर मी लाडकी. पुस्तकात नसलेलंही ते मला सांगायचे. आमच्या बागेत संत्र्याची तोडणी चालली होती, तिथंच बसून त्यांनी मला पेशीतलं गॉल्गी समजावलं. एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या. पेशीत बनलेली प्रथिनं एका बाजूनं आत येतात, तिथं त्यांच्यावर काम होते, मग बारक्या पुटिकांत भरून दुसऱ्या बाजूनं जिथली तिथं रवाना. "हा तुमचा माल कसा निवडून, करंडीत भरून जाते? तसंच ते," सर म्हणाले.

मग शाळेच्या तपासणीला नागपूरचे एक साहेब आले. पेशीत काय काय असतं, त्यांनी विचारलं. मी उठली आणि संत्र्याच्या करंडीसकट सगळं सांगितलं. साहेब पोट धरून हसले. "अगं, तो नुसता रंगाचा डाग. काचेवर रंग लावला की दिसतो. असं काही नसतंच. हे शिकवलं कोणी तुला?"

मी सरांकडे पाहिलं. तेव्हा प्रांत वेगळे होऊन राहिले होते. नागपूर तिकडं मुंबई राज्यात, आम्ही इकडं मध्यप्रदेशात. सरांना नागपूरची बदली पाहिजे होती आणि त्यांच्यासाठी शब्द टाकणार होते हेच साहेब.

"कोणास ठाऊक, साहेब," सर म्हणाले. "पोरगी मनचंच सांगून राहिली."

एक खोटं सांभाळायला दुसरं लागते. बाबांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "हुशार आहे, पण वाहवत जाते. नागपूर तिला झेपणार नाही." बाबांनी माझ्यासाठी स्थळं पाहायला घेतली.

बदली झाली तसे सर निरोप घ्यायला घरी आले. आईनं पोहे केले. मी पाणी द्यायला वाकली तेव्हा हळूच म्हणाले, "तुझं बरोबर होतं, पोरी. परदेशातल्या नव्या यंत्रातून आता साफ दिसून राहिलं म्हणतात."

"मग बाबांना सांगा ना, सर," मी म्हणली. "समोरच तर बसले आहेत."

बाबांनी मान वर केली. "काय म्हणून राहिली ती?"

"काही नाही," सर म्हणाले. "सासरी सुखी राहा, असा आशीर्वाद दिला तिला."